गडावर बिनआगीचं गरम जेवण: हीटर पॅक नीट कसा वापरायचा

शनिवारी दुपारी पुण्याहून निघायचं, रात्री गडावर मुक्काम आणि रविवारी संध्याकाळी परत. अशा दीड दिवसाच्या ट्रेकला सेल्फ-हीटिंग जेवणाची पाकिटं, म्हणजे सोबतच्या हीटरच्या पुडीवर पाणी घातलं की आगीशिवाय तापणारी, आता बऱ्याच सॅकमध्ये दिसतात. सोबत तक्रारीही येतात: जेवण कोमटच राहिलं, भात दगडासारखा लागला, पिशवी वितळली. माझ्या मते यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ दोनच ठिकाणी असतं, पाण्याच्या मापात आणि पाऊच ठेवण्याच्या पद्धतीत. दोन्ही गोष्टी समजून घ्यायला सोप्या आहेत, फक्त आत काय घडतं ते आधी कळायला हवं.

बाजारात हीटर मुख्यतः दोन जातींचे मिळतात. पहिला चुन्याचा. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो सणसणून तापतो, फुटतो आणि त्याचं पीठ होतं, हे जुन्या गवंड्यांना पाठ होतं. आपल्या गडांवर चुना मळायचे घाणे अजून दिसतात. त्या बांधकामासाठी चुना विरवताना जी उष्णता निघायची, तीच या पाकिटात जेवण तापवते. एक ग्रॅम शुद्ध कळीचा चुना पूर्ण विरला की साधारण १.१५ किलोज्यूल उष्णता देतो.

दुसरा मॅग्नेशियमचा. यात मॅग्नेशियमची पूड, थोडं लोखंड आणि मीठ असतं. खाऱ्या पाण्यात लोखंड आणि मॅग्नेशियम एकमेकांना टेकले की कणाकणाला बारीकशी बॅटरी तयार होते आणि मॅग्नेशियम झपाट्याने गंजतं. तेच मॅग्नेशियम नुसत्या पाण्यात वर्षभर ठेवलं तर विशेष काही घडणार नाही. मीठ आणि लोखंडामुळे ते काम दहा-बारा मिनिटांत उरकतं. ग्रॅममागे उष्णता जवळजवळ १४ किलोज्यूल, म्हणजे चुन्याच्या बारापट. अमेरिकी लष्कराच्या शिध्यात असतो तो हीटर याच जातीचा. त्यात साधारण ८ ग्रॅम मिश्रण असतं आणि २२७ ग्रॅमचा पाऊच सुमारे १२ मिनिटांत ५५ अंशांनी तापावा असा त्याचा हिशेब आहे.

डबा किंवा ट्रे असलेल्या आयात जेवणांत बहुधा या दोन्हींच्या मधला प्रकार असतो, चुना आणि ॲल्युमिनियमची पूड. चुना विरला की पाणी गरम आणि क्षारयुक्त होतं, त्यात ॲल्युमिनियम विरघळायला लागतं आणि उष्णतेची दुसरी लाट येते. म्हणून हा हीटर सुरुवातीला थंडावल्यासारखा वाटतो आणि मग एकदम उसळतो. पहिल्या मिनिटाला काही होत नाही म्हणून झाकण उघडून वाकून बघायचं नाही, ते यासाठीच.

आता अन्नाचं गणित. ३०० ग्रॅम पुलाव २० अंशांवरून ६५ अंशांवर न्यायला साधारण ४७ किलोज्यूल लागतात. अर्धी उष्णता वाफेतून आणि पिशवीच्या बाजूंनी जाते असं धरलं तर चुना ८० ग्रॅमच्या आसपास हवा, मॅग्नेशियमचं मिश्रण ७-८ ग्रॅम. पाकिटावर हीटरचं वजन छापलेलं असेल तर या आकड्यांशी ताडून पाहा. ५० ग्रॅम चुन्याच्या पुडीवर ३५० ग्रॅम राजमा-चावल 'वाफाळता' होईल असं पाकीट सांगत असेल, तर ते कोमटच होणार हे दुकानातच कळतं.

पाण्याकडे येऊ. हीटरमध्ये पाण्याला दोन कामं असतात: रासायनिक क्रियेत भाग घेणं, आणि वाफ होऊन ती उष्णता पाऊचच्या सगळ्या अंगाला पोहोचवणं. त्यापलीकडचं पाणी नुसतं उष्णता पितं. १०० मिली जास्तीचं पाणी ५० अंशांनी तापायला सुमारे २१ किलोज्यूल खर्च होतात, म्हणजे जेवणाला लागणाऱ्या उष्णतेतले जवळजवळ निम्मे. अंदाजाने बाटली तिरकी केली की १०० मिली सहज पडतं, आणि 'जास्त पाणी घातलं तर जास्त तापेल' ही समजूत नेमकी उलटी ठरते. कमी पाण्याचा त्रास वेगळा असतो. चुन्याच्या पुडीचा वरचा थर विरून घट्ट कवच होतो, आतला चुना कोरडाच राहतो, आणि जिथे ओल आहे तिथे एका जागी इतका तापतो की बाहेरची प्लास्टिकची पिशवी मऊ पडते.

मॅग्नेशियमच्या लहान हीटरला ३० ते ४५ मिली पुरतं, चुन्याच्या मोठ्या पुडीला १०० ते १५० मिली लागू शकतं. पाकिटावरची रेघ किंवा आकडा हाच शेवटचा शब्द. मापासाठी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं प्लास्टिकचं मापाचं झाकण जवळ ठेवा. त्यावर ५ आणि १० मिलीच्या रेघा असतात, वजन नाहीच, आणि हेडटॉर्चच्या उजेडातही वाचता येतं.

हे पाणी पिण्याचं असायची गरज नाही, आणि सह्याद्रीत हा मला या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. टाक्यातलं हिरवट, गाळ असलेलं पाणीही चालतं. हीटरचं पाणी अन्नाला लागतच नाही, कारण अन्न बंद पाऊचमध्ये असतं. मार्च-एप्रिलमध्ये गडावरच्या दोन टाक्यांपैकी एकाचं पाणी पिण्याजोगं उरलेलं असतं, तेव्हा जेवण गरम करायला त्यातला एक थेंबही लागत नाही. फक्त पाऊच फाडण्याआधी बाहेरून पुसून घ्या, म्हणजे ओघळ आत जाणार नाही.

सुटा मिळणारा हीटर आणि साधा रिटॉर्ट पाऊच (सील करून निर्जंतुक केलेलं तयार जेवणाचं पाकीट) ही जोडी मला ट्रेसकट येणाऱ्या जेवणापेक्षा बरी वाटते. जेवण आपल्या आवडीचं निवडता येतं आणि सॅकमध्ये सपाट बसतं. क्रम असा. हीटरची बाहेरची पिशवी वरच्या खाचेपाशी फाडा. खाली फाडली तर पाण्याची रेघच जाईल. आतली पांढरी गादी, म्हणजे हीटरची पूड भरलेली चपटी पुडी, फोडायची नाही. अन्नाचा पाऊच कागदी खोक्यातून काढून हाताने मळून घ्या. मग तो पिशवीत असा सरकवा की त्याची रुंद बाजू गादीला सपाट टेकेल. कडेवर उभा राहिला तर निम्मी उष्णता हवेत जाते. पाणी मोजून घाला, पिशवीचं तोंड एकदाच दुमडा आणि सगळं त्या कागदी खोक्यात सरकवा. खोकं तोंडाकडून बोटभर उंच राहील असं दगडाला टेकवून तिरकं ठेवा. साफ आडवं ठेवलं तर पाणी तोंडातून बाहेर येतं, साफ उभं ठेवलं तर सगळं पाणी तळाला जाऊन वरची गादी कोरडी राहते.

पहिलं मिनिट शांत जातं. मग पिशवीतून बारीक सुरसुर ऐकू येते, प्लास्टिक फुगतं, तोंडाच्या घडीतून वाफेची रेघ सुटते आणि मॅग्नेशियमचा हीटर असेल तर ओल्या लोखंडासारखा वास येतो. बाराव्या मिनिटाला वाफ ओसरते, तरी अजून तीन-चार मिनिटं हात लावू नका. कडा उकळत्या असतात आणि मधला भाग अजून मागे असतो. तेवढ्या वेळात उष्णता आत सरकते. घाई करणाऱ्याला कडेला चटका आणि मध्ये गारठा मिळतो.

एका हीटरवर दोन पाऊच रचून चालत नाही. गादीला टेकलेला तापतो, वरचा जेमतेम कोमट होतो. दोघांना दोन हीटर.

भाताबद्दल वेगळं लिहायला हवं. शिजलेल्या भातातला स्टार्च थंडीत पुन्हा घट्ट होतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत रात्रभर सॅकमध्ये राहिलेला पुलाव विटेसारखा लागतो. तो खराब झालेला नसतो. साठ-पासष्ट अंशांच्या वर गेला की दाणा पुन्हा मऊ होतो, पण अख्ख्या ढेकळाच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचतच नाही. आमटी किंवा राजम्यात पातळ रस फिरतो आणि उष्णता वाहून नेतो. भातात ती दाण्यावरून दाण्यावर सरकत जाते. म्हणून भाताचा पाऊच गरम करण्याआधी दोन्ही तळव्यांमध्ये धरून मिनिटभर मळायचा. बोटांना ढेकळं जाणवतात, ती एकेक करून फोडायची, मग भात पाऊचभर सारखा पसरायचा. जाडी दोन बोटांवरून एका बोटावर आली की निम्मं काम झालं. मळताना नख लावायचं नाही आणि पाऊच घडी घालून मुरडायचा नाही. निवड हातात असेल तर थंडीत भातापेक्षा डाळ, छोले, राजमा असं पातळ काही घ्या आणि सोबत घरची पोळी किंवा भाकरी ठेवा. पोटही जास्त भरतं.

वारा हा कड्यावरचा मोठा शत्रू आहे. गाडीच्या काचेला लावायची चांदीच्या रंगाची फोमची शीट मिळते, तिचा पाकिटाच्या मापाचा खिसा शिवून घेतला तर फरक स्पष्ट जाणवतो. स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळायचा मोह आवरा. वाफेने ती ओली होते आणि पुढची रात्र थंडीत काढावी लागते. पाणी फार गार असेल तर क्रिया सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून हीटरसाठीच्या पाण्याची छोटी बाटली थोडा वेळ जाकिटाच्या आत ठेवा. उंचीचा परिणाम आपल्याकडे नगण्य आहे. कळसूबाईच्या १,६४६ मीटरवर पाणी ९४-९५ अंशांना उकळतं. हिमालयात ४,००० मीटरवर ते ८७ च्या आसपास उकळतं, म्हणजे वाफच तेवढी थंड. जेवण तरीही खाण्याइतकं गरम होतं, फक्त तीन-चार मिनिटं जास्त द्या. तिथे बंद पाऊच थोडे फुगलेले दिसतात, ते हवेच्या कमी दाबामुळे.

पुण्यात मात्र फुगलेला पाऊच दिसला तर तो सरळ बाद. रिटॉर्ट पाऊच भरून, सील करून १२१ अंशांच्या आसपास वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेला असतो; म्हणून तो फ्रिजशिवाय महिनोन्‌महिने टिकतो आणि वेळ पडली तर थंडही खाता येतो. हे सगळं सील शाबूत आहे तोवरच. बाहेर पॉलिस्टर, मध्ये ॲल्युमिनियमची फॉइल, आत पॉलिप्रॉपिलीन अशी त्याची भिंत असते. एकाच जागी पुन्हापुन्हा दुमडला की फॉइलला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. त्यामुळे सॅकमध्ये पाऊच पाठीच्या बाजूला, कपड्यांच्या दोन थरांमध्ये सपाट ठेवा. काठी, क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटांना लावायचे काटे), स्टोव्हच्या पायांजवळ नको. निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक पाऊच टिश्यूवर ठेवून हाताने दाबा. तेलाचा डाग पडला तर तो घरीच ठेवा.

घरची खिचडी साध्या झिपच्या पिशवीत भरून या हीटरवर तापवायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. ती सोडून द्या. साधी पॉलिथिनची पिशवी वाफेच्या तापमानाला मऊ पडते. शिवाय घरी शिजवलेलं ओलं अन्न सॅकमध्ये दुपारपासून रात्रीपर्यंत राहिलं तर नंतर गरम केल्यानेही ते सुरक्षित होत नाही. काही जंतूंचं विष उकळूनही टिकतं. फोडलेला रिटॉर्ट पाऊचही तसाच समजा. उरलेलं सकाळी खायला ठेवायचं नाही.

तंबूच्या आत हीटर लावायचा नाही. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम दोन्ही पाण्याशी क्रिया करताना हायड्रोजन सोडतात. ८ ग्रॅम मॅग्नेशियममधून साधारण ८ लिटर. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो. दोघांच्या तंबूत एका पाकिटाने सगळ्या हवेचं प्रमाण तिथवर जाणार नाही हे खरं, पण पिशवीच्या तोंडाशी आणि तंबूच्या बंद छताखाली तो तेवढा सहज साठतो. तिथेच कुणी मेणबत्ती, लायटर किंवा सिगारेट पेटवली की भडका उडतो, आणि तंबूचं कापड काही सेकंदांत जातं. बाहेर, उघड्यावर, ज्योतीपासून चार हात लांब. पाऊस असेल तर फ्लायशीटच्या (तंबूवरच्या पावसाच्या आवरणाच्या) ओसरीत, दोन्ही बाजू उघड्या ठेवून. गुहेत मुक्काम असेल तर तोंडाशी. हीटर जमिनीवरच्या प्लास्टिकच्या शीटवर नको, सपाट दगडावर ठेवा.

ट्रेच्या प्रकारात झाकणाला एक छोटं भोक असतं, ते वाफेसाठी आहे. झाकण हलू नये म्हणून त्यावर दगड ठेवताना नेमकं तेच भोक बुजतं, दाब वाढतो आणि उकळता रस्सा अंगावर येतो. भोकाची दिशा चेहऱ्याकडे नको.

चुन्याच्या हीटरमध्ये डोळ्यांची काळजी आधी. विरलेल्या चुन्याच्या पाण्याचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणजे ते जहाल क्षारयुक्त असतं. शिंतोडा डोळ्यात गेला तर चोळायचं नाही; पिण्याचं स्वच्छ पाणी लगेच ओतत राहायचं, निदान १५-२० मिनिटं, पापणी उघडी धरून. मग थेट डॉक्टर. ट्रेकची चिंता नंतर. पुडी फुटून कोरडा चुना हातावर सांडला तर तो आधी झटकून टाका, मग भरपूर पाण्याने धुवा. थोडंसंच पाणी लावलं तर तो तिथेच तापेल. मुलं सोबत असतील तर ती पांढरी पुडी मसाल्याची नाही हे त्यांना आधीच दाखवून ठेवा.

पावसाळा संपल्यावर जुना साठा तपासल्याशिवाय नेऊ नका. जून ते सप्टेंबर पुण्याच्या हवेत इतकी ओल असते की बारीक भोक पडलेल्या पाकिटातला चुना कपाटात बसूनच विरून जातो. त्याची खूण अशी: पुडी फुगलेली, दाबली तर मैद्यासारखी मऊ, आतले खडे लागत नाहीत. असा हीटर पाणी घातल्यावर गार चिखल होतो. मॅग्नेशियमची गादी राखाडी पांढरट आणि कडक झाली असेल तर तीही गेली. साठवायला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि कोरडी जागा. नवीन लॉट आणला की त्यातला एक घरी गॅलरीत, उघड्या हवेत, लावून पाहा. गडावर रात्री आठ वाजता कळण्यापेक्षा हे बरं.

मग हे न्यायचं कधी? वजनाने पाहू. ३०० ग्रॅमचं जेवण आणि मॅग्नेशियमचा हीटर मिळून साधारण ३२५ ग्रॅम, चुन्याचा असेल तर ४०० च्या आसपास. दोघांची रात्र आणि सकाळ, म्हणजे चार जेवणं, १.३ ते १.६ किलो. गॅसचा स्टोव्ह, २३० ग्रॅम गॅसचा डबा आणि पातेलं मिळून ६५०-७०० ग्रॅम, त्यात चार कोरडी जेवणं ४०० ग्रॅम. स्टोव्ह हलका दिसतो, पण कोरड्या जेवणाला प्रत्येकी २५०-३०० मिली पिण्याजोगं पाणी लागतं. ते वाहून न्यायचं असेल तर किलोभर वजन तिथेच वाढतं. म्हणून एका रात्रीच्या, कोरड्या गडावरच्या ट्रेकला हीटर पॅक जिंकतो. दोन रात्रींच्या पुढे किंवा पाणी मुबलक असेल तिथे स्टोव्ह. चहा मात्र यावर होत नाही. २०० मिली पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत जातं, त्यात पत्ती खुलत नाही. चहासाठी पायथ्याच्या गावातून थर्मास भरून घ्या.

आणखी एक जागा आहे जिथे मी हाच पर्याय सुचवेन. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि फेब्रुवारीपासून वणव्यांचे दिवस सुरू होतात. भीमाशंकर किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात धोका होईल अशी आग पेटवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि अभयारण्याच्या बाहेरही त्या गवतात चूल मांडू नयेच. हीटर पॅकला ठिणगी नाही. पण जिथे पायथ्याला किंवा गडावरच्या झोपडीत कुणी मावशी पिठलं-भाकरी करून देतात, तिथे रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच घ्या. ते जास्त गरम असतं, ताजं असतं आणि पैसा गावात राहतो. हीटर पॅक दुसऱ्या दिवशीच्या मधल्या टप्प्यासाठी ठेवा, जसं राजगड-तोरणा करताना डोंगरधारेवर दुपारी.

प्रवासाचं थोडक्यात. रेल्वेत गॅसचा डबा न्यायला बंदी आहे, तो प्रश्न हीटर पॅकमुळे सुटतो. पण डब्यात, विशेषतः एसीच्या बंद डब्यात, हीटर सुरू करू नका. विमानाचं उलट आहे. पाण्याशी क्रिया करून ज्वलनशील वायू सोडणारे पदार्थ आणि कळीचा चुना, दोन्ही हवाई वाहतुकीत धोकादायक मालात मोडतात. हिमालयात ट्रेकला जाताना लोहगाव विमानतळावर हीटर काढून घेतले जाऊ शकतात. अन्नाचे पाऊच चेक-इनच्या सामानात ठेवा आणि हीटर नेण्याचा विचार सोडून द्या.

वापरलेला हीटर तासभर गरम राहतो आणि त्यातून वायू निघत राहतो, म्हणून लगेच घट्ट पिशवीत कोंबायचा नाही. पूर्ण गार झाल्यावर वेगळ्या जाड पिशवीत, तोंड किंचित सैल ठेवून, सॅकच्या बाहेरच्या खिशात घाला. त्यातला पांढरा राडा टाक्यात, ओढ्यात किंवा झाडाच्या मुळाशी ओतायचा नाही. पाऊच जाळायचे नाहीत, आतली फॉइल जळत नाही आणि तिचे तुकडे वर्षानुवर्षं मातीत चमकत राहतात. रिकामा पाऊच एका बाजूने कापून थोड्या पाण्याने विसळा, सपाट करा आणि घरी आणून सुक्या कचऱ्यात द्या. विसळला नाही तर दिवसा माकडं किंवा रात्री उंदीर सॅक कुरतडायला येतात.